नायकाची नायिका करू नका, पंचवीस हजार शब्द मात्र कापा

वाचकाचं पत्र: मी ३१ वर्षांचा आहे. मूळचा सांगली जिल्ह्यातला, नोकरीमुळे पुण्यात. चार वर्षं खपून पहिली कादंबरी लिहिली, ९२ हजार शब्दांची. मिरजेत तंबोरे घडवणारा एक तरुण आणि तिथं बदलून आलेला बँक अधिकारी, या दोघांची ही प्रेमकथा. काळ २०१२ ते २०१९, शेवट सुखाचा. पहिल्या भागात तंबोरेवाल्याचं अकरावीच्या वसतिगृहातलं पहिलं प्रेमही आहे. एका प्रकाशकांकडे संहिता आठ महिने पडून आहे. दुसरे म्हणाले, ‘‘अधिकारी बाई करा, दिवाळीला छापतो.’’ तिसऱ्यांनी ३०० प्रतींसाठी ८५ हजार रुपये मागितले. घरी माझ्याबद्दल काही माहीत नाही, म्हणून टोपणनाव हवंय. कायद्याचा त्रास होईल का? पैसे भरू, की सरळ ई-बुक काढू?

नमस्कार,

आधी तिसऱ्या प्रकाशकांना नकार कळवून टाका. बाकीचं सावकाश बघू.

डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात, पानाला २९० शब्द धरले, तर तुमची कादंबरी ३२० पानांच्या घरात जाते. सत्तर जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) कागदावर अशी एक प्रत साधारण साडेतीनशे ग्रॅम भरते. तीनशे प्रती म्हणजे शंभर किलोंवर कागद. पैसे घेऊन छापणाऱ्यांचा नफा छापतानाच निघालेला असतो, त्यामुळे पुस्तक विकण्यासाठी धावपळ करायचं त्यांना कारण उरत नाही. थोड्या प्रती ‘ऑनलाइन विक्रीसाठी’ त्यांच्याकडे राहतात आणि बाकीची खोकी लेखकाच्या पत्त्यावर येतात. घरी माहीत नाही म्हणता, मग ही खोकी उतरवणार कुठं?

पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. मराठीतले कितीतरी कवितासंग्रह असेच निघालेत. पण मग आकडे सुटे करून मागा: अक्षरजुळणी पानाला किती, मुद्रितशोधन किती वेळा आणि कोण करणार, मुखपृष्ठ चित्रकाराचं की तयार चित्रावरचं, छपाई आणि बांधणी प्रतीमागे किती. तेच काम पेठांमधल्या दोन छापखान्यांत विचारून या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे म्हणून कुणी पाच हजार लावले असतील, तर उरलेले आकडेही त्याच तालावरचे समजा.

आता दुसरे प्रकाशक. त्यांनी तुमची कादंबरी नाकारली नाही, दुसरीच एक मागितली. मराठीत हा बदल एका नावावर भागत नाही. प्रत्येक क्रियापद फिरतं, ‘अरे’चं ‘अगं’ होतं, आणि मुख्य म्हणजे प्रसंगच कोसळतात. दोन तरुण रात्री साडेदहाला एका स्कूटरवरून मिरजेच्या गल्लीतून जातात आणि कट्ट्यावरचा एकही माणूस मान वळवून बघत नाही. महिनाभर एका खोलीत राहिले तरी घरमालक ‘बरं झालं, सोबत आहे’ म्हणतो. बाई-पुरुषाच्या गोष्टीत पहिल्याच रात्री गावभर झालं असतं. कुणाला दिसत नाही म्हणून मिळणारी मोकळीक आणि कुणाला दिसत नाही म्हणूनच होणारी घुसमट, या दोन्हींवर तुमची गोष्ट उभी आहे. ती काढून घेतली तर हाती बदली झालेल्या अधिकाऱ्याचं एक साधं लफडं उरेल. सभ्य शब्दांत नाही म्हणा.

तरीही ते तसं का म्हणाले हे समजून घ्या, कारण पुढचा प्रकाशकही मनात तेच म्हणेल. मराठी कादंबरीचं गणित आजही मोठ्या अंशी ग्रंथालयांवर चालतं. पहिली आवृत्ती पाचशे-हजाराची, तिचा बराच भाग अनुदानित वाचनालयं आणि घाऊक विक्रेते उचलतात. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तक निवडणारे गृहस्थ आधी मुखपृष्ठ बघतात, मग मलपृष्ठावरचा मजकूर, मग किंमत. प्रकाशकाला धास्ती असते ती त्या टेबलाची. ‘कायदा आडवा येतो’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. सचिन कुंडलकरांची समलिंगी प्रेमावरची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी मौज प्रकाशनानं काढली २००६ साली, असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागायच्या बारा वर्षं आधी.

या टेबलावरून पुस्तक पुढं सरकावं यासाठी तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत: पानं आणि मलपृष्ठ.

पानं आधी. नवख्या लेखकाच्या वीस-एकवीस फॉर्मच्या पुस्तकाला प्रकाशक जे कचरतात, त्यात विषयाचा भाग अर्धाच असतो. कागद, शाई, शिलाई सगळं फॉर्मवर मोजलं जातं आणि एक फॉर्म म्हणजे सोळा पानं. पंचवीस हजार शब्द कमी केलेत तर सुरुवातीची कोरी पानं धरून २४० पानांत, म्हणजे पंधरा फॉर्ममध्ये पुस्तक बसतं. छापील किंमत साडेचारशेवरून साडेतीनशेच्या आसपास येते, आणि वाचनालयाच्या वार्षिक खरेदीत शंभर रुपयांचा फरक मोठा असतो.

कापायचं काय? संहिता न वाचता सांगणं धाडसाचं आहे, पण या प्रकारच्या पहिल्या कादंबऱ्यांत तीन ठिकाणी चरबी साठते. पहिलं, समजावून सांगणारी पानं. दोघांपैकी एकजण दुसऱ्याला, किंवा एखाद्या मैत्रिणीला, समलैंगिकता म्हणजे काय, ती जन्मजात कशी, विकृती का नव्हे, हे व्याख्यान देतो. हा मजकूर लेखक आपल्या आई-वडिलांसाठी लिहीत असतो, आणि ते पुस्तक वाचणार नसतात. सगळा काढा. दुसरं, नायकाचं स्वतःशी चाललेलं ‘मी असा का?’ एका रात्रीचं पुरतं. तिसरं, पहिली भेट व्हायला लागणारा वेळ. प्रेमकथा हाती घेतलेल्या वाचकाला दोघं पहिल्या तीस-चाळीस पानांत समोरासमोर हवे असतात. वसतिगृहाचा भाग आधी सलग येत असेल, तर अधिकारी रंगमंचावर यायलाच सत्तर पानं जात असतील. तो भाग फोडा आणि पुढं तुकड्यांनी आठवणीत आणा. त्या भागाबद्दल आणखी एक महत्त्वाची गोष्ट कायद्यापाशी सांगतो.

भाषेचीही एक अडचण आहे, ती बाई-पुरुषाच्या प्रेमकथेत येत नाही. ‘त्यानं त्याचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.’ कुणी कुणाचा? मराठीत ‘तो’ आणि ‘ती’ असले की क्रियापदच निम्मं काम करून टाकतं. दोन ‘तो’ आले की वाचक दर तिसऱ्या ओळीला अडखळतो, आणि अडखळतो तो नेमका जवळिकीच्या प्रसंगात, जिथं लय तुटणं सर्वात महाग पडतं. ‘आपला’ हा शब्द इथं सोन्यासारखा आहे: ‘त्यानं आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला’ म्हटलं की गुंता सुटला. एका प्रसंगात एकाच्याच डोळ्यांनी बघा आणि ‘तो’ दुसऱ्यासाठी राखून ठेवा. नावं वापरायला लाजू नका. ‘उंच तरुण’, ‘गोरा तरुण’ असली पर्यायी विशेषणं मात्र टाळा, वृत्तपत्रातल्या पंचनाम्याचा वास येतो. बोलीचा तर तुम्हाला आयता फायदा आहे. एकाला मिरजेची ‘काय लका’ छापाची बोली आणि दुसऱ्याला बदल्यांनी गुळगुळीत झालेली प्रमाण भाषा दिलीत, तर संवादात ‘तो म्हणाला’ बहुतेक ठिकाणी लागणारच नाही. आणि अधिकारी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी येतो, ते पान नीट निवडा. मराठी प्रेमकथेत पहिल्या चुंबनाइतकंच वजन त्या ‘तू’ला असतं.

शारीरिक प्रसंगांचे शब्द ही जुनीच पंचाईत. एका बाजूला शरीरशास्त्राच्या पुस्तकातले संस्कृत शब्द, दुसऱ्या बाजूला शिव्या, मधली जागा जवळपास मोकळी. त्या मोकळ्या जागेत मान, पाठ, मनगट, श्वास, घामाचा वास, भुशानं भरलेले हात यांनी काम भागतं. तुमचा नायक दिवसभर भोपळ्यावर हात फिरवून त्याची जाडी ओळखणारा कारागीर आहे. त्याच्या स्पर्शाला शब्द तुम्हाला कोशात शोधावे लागू नयेत.

काळाचे तपशील तपासा, कारण हा विषय जगलेला वाचक तिथंच पकडतो. तुमची कथा २०१२ मध्ये सुरू होते, तेव्हा असे संबंध गुन्हा नाहीत म्हणणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल उभा होता. तो सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठानं प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. म्हणजे अधिकाऱ्याची २०१२ मधली भीती ही ब्लॅकमेलची, बदलीची, बहिणीच्या लग्नाची असेल; २०१४ मध्ये तिच्यात कायदा नव्यानं येऊन बसेल. हा चढउतार तुमच्या कथानकाला फुकट मिळालेला आहे, वापरा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरचे दोनेक महिने बँकेतला माणूस प्रेम करायला मोकळा नव्हता, हेही ध्यानात असू द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-मिरजेच्या परिसरात महापूर होता. शेवटची प्रकरणं त्या पावसाळ्यात असतील आणि पाण्याचा उल्लेखच नसेल, तर सांगलीचा वाचक पुस्तक मिटेल.

सुखाचा शेवट राहू द्या. शेवटी एक मेला किंवा एकाचं लग्न लावून दिलं की प्रकाशकाला ‘साहित्यिक’ वाटतं, पण असे शेवट या विषयावर पुरेसे झालेत. वाचकाला शेवट खोटा वाटतो तो सुखामुळे वाटत नाही, सुख फुकट मिळाल्यामुळे वाटतो. दोघांनी कशावर पाणी सोडलं ते दिसू द्या: एखादी बढती, वडिलांशी बोलणं, गल्लीतलं घर. लग्न दाखवता येणार नाही. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, त्यामुळे २०१९ सोडाच, आजही ते कागदावर होत नाही. पण दोन नावांचा अकरा महिन्यांचा भाडेकरार होतो, संयुक्त खातं होतं, आणि तुमचा अधिकारी तर बँकेतच आहे. नॉमिनीच्या रकान्यासमोर थबकलेलं पेन दाखवलंत तर मंगळाष्टकांची उणीव भासणार नाही.

काटछाट झाली की चार-पाच जणांना वाचायला द्या. त्यांत दोघं तरी समलिंगी असावेत आणि एकजण असा, ज्याला या विषयाशी घेणंदेणं नाही पण जो आठवड्याला वाचनालयातून कादंबरी आणतो. त्याला फक्त एवढंच विचारा, की कुठल्या पानावर बाजूला ठेवावीशी वाटली. ते पान महत्त्वाचं. मित्रमंडळींचं ‘खूप भारी लिहिलंयस’ हे प्रेम समजा आणि विसरा.

संहिता युनिकोडमध्ये पाठवा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेली असेल तर रूपांतर करून घ्या आणि नंतर पूर्ण वाचा. रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र, ॲ आणि ऑ, आणि रफार हमखास बिघडतात. सोबत एक पानाचं पत्र, दीड पानाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं एवढंच हवं. सारांशात शेवट सांगायचा असतो. ‘पुढं काय होतं ते कादंबरीतच वाचा’ हे संपादकाला लिहायचं नसतं. पत्रात पहिल्याच परिच्छेदात विषय स्पष्ट लिहा: दोन पुरुषांची प्रेमकथा, मिरज, इतके शब्द. दडवून पाठवलेली संहिता साठाव्या पानावर परत येते आणि तुमचे चार महिने जातात. प्रकाशक निवडताना दुकानात उभं राहून गेल्या चार-पाच वर्षांतल्या नव्या लेखकांच्या कादंबऱ्या उघडा, मागच्या बाजूची यादी बघा. चरित्रं आणि व्यक्तिमत्त्व विकास काढणाऱ्या घराला तुमचं पुस्तक पाठवण्यात अर्थ नाही. एकाच वेळी दोघा-तिघांना पाठवायला हरकत नाही, पण पत्रात तसं कळवा. पुण्या-मुंबईचं प्रकाशनविश्व लहान आहे आणि माणसं एकमेकांशी बोलतात.

एक वाट बहुतेक नवे लेखक विसरतात, ती दिवाळी अंकाची. कादंबरीतलं एखादं प्रकरण, स्वतंत्र कथा म्हणून उभं राहील असं घडवून, जून-जुलैमध्ये दोन-तीन अंकांना पाठवा. ऑगस्टनंतर बहुतेक संपादकांची पानं भरलेली असतात. अंकात कथा आली, की पुढच्या प्रकाशकाच्या पत्रात लिहायला एक ओळ मिळते, आणि दिवाळी अंक वाचणारे संपादक तुम्हाला आपणहून ओळखतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे, पहिल्याच पुस्तकासाठी. तिची जाहिरात निघते तेव्हा नियम नीट वाचा. ‘पहिलं’ या शब्दाला तिथं किंमत असते, म्हणून त्याआधी घाईनं कुठलंही पुस्तक काढून बसू नका.

आता करार. होकार आला की आनंदाच्या भरात सही करणारे लेखक पुढं वर्षानुवर्षं हळहळतात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं वाक्य दिसलं तर ते खोडूनच पुढं वाचा. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट किंवा वेबमालिका हे पाच हक्क वेगवेगळे आहेत. प्रकाशक जे खरोखर करणार आहेत तेवढेच द्या. वर उल्लेख केलेली कुंडलकरांची कादंबरी मराठीत २००६ मध्ये आली, इंग्रजीत २०१३ मध्ये, चित्रपट आला २०२२ मध्ये. असे हक्क सोळा वर्षांनीही जागे होतात. मुदत लिहून घ्या, तीन किंवा पाच वर्षं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत, आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो तुमच्याकडे परत येतो. हे करार करणाऱ्यालाच अनेकदा माहीत नसतं. मानधन छापील किमतीवर दहा टक्के हे नव्या लेखकासाठी रास्त आहे. ‘निव्वळ विक्रीवर’ असं लिहिलं असेल तर सावध व्हा, कारण विक्रेत्याची चाळीस-पन्नास टक्के सूट वजा जाऊन तुमचे दहा टक्के पाच-सहावर येतात. साडेतीनशेच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती सगळ्या खपल्या तर साडेसतरा हजार रुपये होतात. एवढ्यासाठी नोकरी सोडायची नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. शेवटी दोन ओळी हातानं का होईना पण घालून घ्या: लेखकाच्या लेखी संमतीशिवाय संहितेत, विशेषतः शेवटात, बदल नाही, आणि मुखपृष्ठ व मलपृष्ठ लेखकाला दाखवून. मलपृष्ठावर ‘धाडसी’, ‘बोल्ड’, ‘निषिद्ध’ हे शब्द येऊ देऊ नका. ते पुस्तक वाचनालयात अडवतात आणि ज्याला हवंय त्याच्याही हातातून सुटतं, कारण तो ते बसमध्ये उघडू शकत नाही.

टोपणनाव जरूर घ्या, आरती प्रभू आणि ग्रेस यांच्या भाषेत ते कुणाला खटकायचं नाही. पण ते वाचकांपासून लपवतं, प्रकाशक आणि आयकर खात्यापासून नाही. करार खऱ्या नावानं, ‘ऊर्फ’ लावून. मानधन खऱ्या नावाच्या खात्यात, पॅनसह. करारातच एक कलम घाला, की खरं नाव कुठंही उघड करायचं नाही: निमंत्रणपत्रिका, पुरस्काराचे अर्ज, विक्रेत्यांचे व्हॉट्सॲप गट, कुठंच नाही. टोपणनावानं छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट प्रकाशनापासून साठ वर्षं चालतो. नंतर ओळख जाहीर केलीत तर नेहमीचा नियम लागू होतो, मृत्यूनंतर साठ वर्षं.

नाव फुटतं ते मोठ्या गोष्टींतून क्वचितच. वर्डच्या फाइलच्या माहितीत लेखकाचं खरं नाव आपोआप बसलेलं असतं, ते पुसा. टोपणनावाचं फेसबुक खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलंत, तर ते मावसभावाला ‘ओळखता का?’ म्हणून दाखवलं जाईल. घरून थेट प्रती विकल्यात तर यूपीआयवर पैसे भरताना समोरच्याला बँकेतलं नाव दिसतं आणि कुरिअरच्या पावतीवर पत्ता. त्यासाठी वेगळा नंबर, वेगळा ईमेल, आणि विक्री फक्त प्रकाशक किंवा दुकानामार्फत. याहून मोठी गळती मजकुरातच असते. आजीची ठरावीक म्हण, गावच्या जत्रेतला तो एक प्रसंग, घरातल्या भांडणाचा शब्दन्‌शब्द: चुलत बहीण दहाव्या पानावर ओळखेल. वाचायला बसा आणि ‘हे आमच्याच घरात घडलं’ असं जिथं वाटेल तिथं खूण करा. दुसऱ्याच्या बाबतीत तर हे अधिक काटेकोरपणे करा. मिरजेत तंबोरे करणारी घराणी मोजकी आहेत, सगळा गाव त्यांना नावानिशी ओळखतो. तुमचा नायक त्यांतल्या कुणा खऱ्या माणसासारखा दिसत असेल, तर दुकानाची जागा, भावंडांची संख्या, वय, सगळं हलवा. अब्रुनुकसानीचा दावा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होऊ शकतो, पण दाव्याच्याही आधी एखाद्याचं खासगी आयुष्य त्याच्या गल्लीत उघडं पडेल, ते जास्त वाईट. जुन्या प्रियकराचे मेसेज जसेच्या तसे वापरले असतील तर तेही काढा.

कायद्याचं म्हणाल, तर दोन पुरुषांची प्रेमकथा लिहिणं, छापणं, विकणं हा गुन्हा नाही, २०१८ पूर्वीही नव्हता. कलम ३७७ कृतीबद्दल होतं, पुस्तकाबद्दल नव्हतं. पुस्तकाला लागू होतं ते अश्लीलतेचं कलम, जुन्या दंड संहितेतलं २९२, आता न्याय संहितेतलं २९४. त्यात साहित्य आणि कलेच्या दृष्टीनं लोकहिताच्या लेखनाला अपवाद आहे, आणि २०१४ पासून सर्वोच्च न्यायालय सुटं वाक्य न उचलता संपूर्ण कृती आजच्या समाजाच्या निकषावर तपासतं. मराठीला याचा जुना अनुभव आहे: चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. सुटका झाली, पण मधली सात वर्षं गेली, हेही त्या प्रकरणातच आहे. म्हणून एखादा प्रसंग निव्वळ ऊब आणण्यासाठी घातला असेल, तर तो कायद्यासाठी नव्हे पण कादंबरीसाठी काढा.

वसतिगृहाच्या भागाबद्दल मात्र ठाम सांगतो. अकरावी म्हणजे सोळा-सतरा वर्षं. त्या वयाच्या मुलांचं शारीरिक वर्णन कादंबरीत ठेवू नका, एक ओळही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७-ब अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अश्लील चित्रणाला लागू होतं, त्यात मजकूरही येतो, आणि ई-बुक हे इलेक्ट्रॉनिक माध्यम आहे. ओढ ठेवा, रात्री शेजारच्या खाटेवरचा श्वास ऐकत जागं राहणं ठेवा. देहाची गोष्ट दोघं सज्ञान झाल्यावर, आणि वय मजकुरात कळेल असं.

ई-बुकचा मार्ग वाईट नाही, फक्त क्रमानं तो पहिला नको. तुमच्या वाचकांतले बरेच जण असे असतील, की ज्यांना हे पुस्तक घरात ठेवता येत नाही. फोनमधल्या पुस्तकाला मुखपृष्ठ नसतं, म्हणून ई-बुकचा हक्क मोलाचा आहे. पण आधी तेच काढलंत, किंवा प्रतिलिपीसारख्या वाचनाच्या ॲपवर क्रमशः टाकलंत, तर छापील प्रकाशकाच्या दृष्टीनं पुस्तक ‘पूर्वप्रकाशित’ होतं. चार-पाच ठिकाणाहून नकार आल्यावर, वर्षभरानं, खुशाल करा. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक चढवायला शुल्क नाही, लेखकाच्या रकान्यात टोपणनाव चालतं, कराच्या अर्जात खरं नाव द्यावं लागतं. त्यांच्या ‘सिलेक्ट’ योजनेत गेलात तर नव्वद दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठंही देता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. मुद्रितशोधनाचा खर्च इथंही वाचवू नका. संपादक नाही म्हटल्यावर चुका दाखवणारं दुसरं कुणी नसतं, आणि ते काम मग वाचक परीक्षणात करतात.

राहिले आठ महिने गप्प असलेले प्रकाशक. फोन करू नका, फोनवर ‘बघतो’च ऐकू येतं. हा मजकूर पाठवा: ‘माझी अमुक नावाची संहिता अमुक तारखेपासून आपल्याकडे आहे. दरम्यान मी ती ९२ हजार शब्दांवरून ६७ हजारांवर आणली आहे. नवी प्रत पाठवू का? महिनाअखेरपर्यंत आपलं उत्तर आलं नाही तर ती अन्यत्र देण्यास आपली हरकत नाही असं समजेन.’ अर्थात हे काटछाट खरोखर संपल्यावर. त्या कामाला दोन-अडीच महिने धरा, म्हणजे हे पत्र जाण्याआधी तुमच्या वाचनालयवाल्या वाचकाचं ते पानही कळलेलं असेल.